१२ हजारांची डोनर लिस्ट घेतली, ५ पैकी २ स्टार

सर्व्हिसचं नाव लिहीत नाही, पण ज्यांनी 'एनजीओसाठी ५०० व्हेरिफाइड फंडर्स' टाइप जाहिरात पाहिलीये त्यांना कळेल मी कशाबद्दल बोलतेय.

आमची संस्था छोटी आहे, बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आईबाप कारखान्यावर गेले की ते मार्च-एप्रिलात परत येईपर्यंत पोरं आमच्याकडे. ४२ मुलं, दोन मावशी, एक सर, आणि हिशोब, पत्रव्यवहार, फोन सगळं माझ्या गळ्यात. गेल्या वर्षी नेहमीच्या देणगीदारांनी हात आखडता घेतला म्हणून हे पॅकेज घ्यायचं ठरलं. एक्सेल शीट, प्रपोजलचा टेम्प्लेट आणि अर्धा तास एक्सपर्ट कॉल, १२ हजार, जीएसटी धरून १४ हजार १६०. आमचे अध्यक्ष रिटायर्ड हेडमास्तर, ते एवढंच म्हणाले, "ताई, एवढ्यात किती ज्वारी येते माहितीये ना."

शीट आली. दिसायला झकास, रंगबिरंगी, आणि लोकेशनच्या कॉलममध्ये जवळजवळ सगळीकडे 'पॅन इंडिया'. तिथेच शंका यायला हवी होती.

पहिल्या दिवशी गाळायला बसले तर १४० नावं परदेशी फाउंडेशनची. आता आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, नाही हे मी लिस्टवाल्यांच्या फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलं होतं, आणि एफसीआरए म्हणजे काय आज अर्ज केला नि उद्या मिळालं असं नसतं, संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेला हवा, वर दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचला खातं. मग ही १४० नावं आम्हाला कशाला? उरलेल्यात एकच ग्रुप तीन ओळींत, एकदा फाउंडेशन, एकदा ट्रस्ट, एकदा लिमिटेड. काही फाउंडेशन बाहेरच्या संस्थेला पैसे देतच नाहीत, स्वतःची माणसं ठेवून स्वतःचे प्रोग्रॅम चालवतात, हे त्यांच्याच वेबसाइटवर पहिल्या पानावर लिहिलेलं. ३७ नंबरच्या ओळीतला मेल बाऊन्स, ३८ चा पण. ते व्हेरिफाइड कोणी केलं होतं देव जाणे.

टेम्प्लेटबद्दल काय बोलू, त्यात 'आमच्या किनारपट्टीच्या गावांमध्ये' असं वाक्य राहून गेलेलं. बीडला किनारपट्टी!

दोन स्टार मात्र कॉलचे. कॉलवर एक तरुण मुलगी होती, तिने लिस्टकडे ढुंकून बघितलं नाही, स्क्रीन शेअर करून एका कंपनीचा २०२१-२२ चा ॲन्युअल रिपोर्ट उघडला आणि मागच्या सीएसआरच्या, म्हणजे कंपनीने कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चाच्या, जोडपत्रावर नेलं. तिथे तक्ता असतो, प्रोजेक्ट कुठला, जिल्हा कुठला, रक्कम किती, 'लोकल एरिया' हो की नाही, काम कंपनीने स्वतः केलं की संस्थेमार्फत, आणि संस्थेमार्फत असेल तर तिचं नाव. म्हणजे पैसे कोणाला आणि किती मिळतात हे छापलेलंच असतं, आपण नुसतं 'एज्युकेशन, हेल्थ, एन्व्हायर्नमेंट' वाचून मेल टाकत बसतो. नंतरच्या वर्षांत हा तक्ता आखूड केलाय, पण मंजूर प्रोजेक्ट कंपनीने वेबसाइटवर टाकायचे असतात आणि सरकारच्या सीएसआर पोर्टलवर राज्य, जिल्हा, कंपनी असं फुकटात बघता येतं. एक गंमत, इंग्रजीत बीड दोन स्पेलिंगने लिहितात, बी-डबल-ई-डी आणि बी-आय-डी, दुसरं सर्च केलं की सगळ्या टेंडरच्या 'बिड' समोर येतात. एक अख्खी दुपार गेली माझी त्यात.

तिचा दुसरा मुद्दा तर मला कोणीच सांगितला नव्हता. सीएसआर फक्त मोठ्या नावांना नसतं, आधीच्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी झाला तरी कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये बसतं, मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो. सरासरीही ५ कोटी धरली तर झाले १० लाख, आमचं हंगामाचं बजेट जवळपास तेवढंच. आणि ही रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी सीएसआर कमिटी नेमायचीही सक्ती नाही, डायरेक्टर मंडळीच ठरवतात. संभाजीनगरकडच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा एमआयडीसीत असे पार्ट बनवणारे कितीतरी बसलेत, त्यांना आमच्याकडे येणं तीन-चार तासांचं काम. ५०० च्या लिस्टमध्ये यातलं एकही नाव नव्हतं, होती ती सगळी टीव्हीवर जाहिराती करणारी, ज्यांना अख्खा देश मेल करतो.

शेवटी लिस्टमधली चार आणि मी शोधलेली सात, अशा ११ जणांना लिहिलं. बारा-ए, ऐंशी-जी (दोन्ही इन्कम टॅक्सची सर्टिफिकेटं), सीएसआर-वनचा नंबर (सीएसआरचे पैसे घ्यायला संस्थेची सरकारी नोंदणी) आणि तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट एकाच पीडीएफमध्ये लावून ठेवा, दोघांनी उत्तर दिलं ते थेट हेच मागायला. एकजण डिसेंबरात पोरं असताना बघायला येतायत, दुसऱ्यांचं 'बोर्ड मीटिंगनंतर कळवतो' चाललंय. दोघेही त्या सातातलेच.

रिफंड मागितला होता, डिजिटल प्रॉडक्टला रिफंड नाही म्हणे. मग ओळखीच्या दोन संस्थांसाठी विचारलं, नुसता कॉल वेगळा मिळेल का, पैसे देऊ. तर नाही, कॉल लिस्टसोबत फ्री आहे, वेगळा विकत नाही.