कन्स्ट्रक्टर आधी कुठे शिकावा: सी प्लस प्लस, जावा की पायथन?

बीसीए किंवा बीएस्सीच्या पोरांना क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, लिहिता येतो. कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारा कोड, आला की मात्र गोंधळ सुरू होतो. तो कोणत्या भाषेत आधी समजून घ्यावा, हे ठरवायचं असेल तर व्याख्या पाठ करण्यात अर्थ नाही. एकच क्लास तिन्ही भाषांत लिहा, त्यात एकच चूक करा आणि काय होतं ते बघा.

क्लास घेऊ लातूरच्या आडतीवरच्या सोयाबीनच्या हिशोबपट्टीचा. त्यात शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव आणि हमाली-तोलाईच्या कपातींची यादी. 12.40 क्विंटल वजन, 4,350 रुपये भाव, म्हणजे कपातीआधी 53,940 रुपये. नाव, वजन, भाव हातात असल्याशिवाय पट्टी तयारच होऊ नये, ही अट कन्स्ट्रक्टर घालतो. तो नसेल तर आधी रिकामा ऑब्जेक्ट बनवायचा आणि मग एकेक रकाना भरायचा. त्यातला एखादा कुठेतरी राहतोच.

आता चूक करू: कन्स्ट्रक्टरने वजन घेतलं, पण आतल्या रकान्यात ठेवलंच नाही.

सी प्लस प्लसमध्ये त्या जागी मेमरीतला जुना कचरा राहतो. रक्कम कधी शून्य, कधी अब्जावधी. आज बरोबर दिसेल, उद्या नाही. जावा तिथे मुकाट्याने 0.0 धरते आणि रक्कम शून्य येते. पायथनमध्ये ऑब्जेक्ट बिनबोभाट तयार होतो, रक्कम काढायला गेलात की मग ‘ॲट्रिब्यूट एरर’.

जावात यावर सोपा इलाज आहे. रकाना ‘फायनल’ करा. कन्स्ट्रक्टर तो भरायला विसरला तर कंपायलर पुढे जाऊच देत नाही. नवख्याची हमखास चूकही यातच सापडते: ‘धिस’ (म्हणजे ‘हाच ऑब्जेक्ट’) न लावता ‘वजन = वजन’ लिहिणं. त्यात पॅरामीटर, म्हणजे कन्स्ट्रक्टरला बाहेरून मिळालेली किंमत, स्वतःलाच दिला जातो आणि रकाना तसाच राहतो. दुसरी चूक कन्स्ट्रक्टरच्या आधी ‘व्हॉइड’ लिहिण्याची. त्या ओळीवर कंपायलर तक्रार करत नाही, पण तो आता साधी मेथड (क्लासमधलं नेहमीचं फंक्शन) झालेला असतो आणि ऑब्जेक्ट बनताना चालत नाही.

सी प्लस प्लसमध्ये कोलनपुढची इनिशियलायझर यादी वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. कन्स्ट्रक्टरला मिळालेली किंमत कॉन्स्ट (न बदलणाऱ्या) आणि रेफरन्स मेंबरना, म्हणजे तशा रकान्यांना, तिथूनच देता येते. पण एक खोच आहे: मेंबर भरले जातात ते क्लासमध्ये जाहीर केलेल्या क्रमाने, यादीतल्या क्रमाने नाही. ‘रक्कम’ वर आणि ‘वजन’ खाली जाहीर केलं असेल आणि रक्कम त्याच वजनाच्या मेंबरवरून काढली असेल, तर रक्कम कचऱ्याच्या गुणाकाराने भरते. जी प्लस प्लस या कंपायलरला ‘डब्ल्यू-ऑल’ पर्याय दिला तर इशारा मिळतो. शिवाय ऑब्जेक्टच्या नावापुढे रिकामा गोल कंस टाकला, तर तो ऑब्जेक्ट न बनता फंक्शनची घोषणा होते. 2011 च्या मानकापासून तिथे महिरपी कंस चालतो. लॅबमध्ये अजून टर्बो हा जुना कंपायलर असेल तर ते विसरा.

पायथनमध्ये टायपिंग सगळ्यात कमी, सापळे मात्र वेगळे. तिथे कन्स्ट्रक्टरचं काम करणाऱ्या ‘इनिट’च्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर हवेत. एक-एकच टाकला तर ती साधी मेथड होते आणि पट्टी बनवताना क्लास एकही आर्ग्युमेंट घेत नाही, असा एरर येतो. खरा घात होतो कपातींच्या यादीत. पॅरामीटरची डिफॉल्ट किंमत रिकामी यादी ठेवली, तर ती एकदाच, फंक्शन घडताना बनते आणि सगळ्या पट्ट्यांत तीच वापरली जाते. एकाची हमाली दुसऱ्याच्या पट्टीतून कापली जाते. डिफॉल्ट ‘नन’ ठेवा आणि यादी आत बनवा.

भाव नंतर ठरणार असेल आणि पट्टी दोन प्रकारे बनवायची असेल, तर जावा आणि सी प्लस प्लसमध्ये दोन कन्स्ट्रक्टर लिहा. पायथनमध्ये दुसरा ‘इनिट’ पहिल्याला पुसून टाकतो. तिथे डिफॉल्ट किंमत किंवा क्लासमेथड (क्लासच्या नावावर बोलावता येणारी मेथड) वापरा. इनहेरिटन्समध्ये, म्हणजे एका क्लासवरून दुसरा बनवताना, असाच फरक आहे. पालक क्लासचा कन्स्ट्रक्टर जावा आणि सी प्लस प्लस न विसरता चालवतात, पायथनच्या ‘इनिट’मध्ये पालकाला बोलावणारं ‘सुपर’ स्वतः लिहावं लागतं.

आमचा कौल जावाला, कारण ‘फायनल’ची शिस्त लावली की तिथली चूक चालवण्याआधीच पकडली जाते. या सेमिस्टरला पेपर सी प्लस प्लसचा असेल तर मात्र तेच आधी करा; एकाच वेळी दोन भाषांचा वाक्यविन्यास डोक्यात घोळवून मार्क जातात. डेटाच्या कामासाठी पायथन लागणार असेल तर 3.7 पासून आलेला ‘डेटाक्लास’ ‘इनिट’ आपोआप लिहून देतो. तो वापरण्याआधी चार-पाच क्लास हाताने लिहून घ्या, नाहीतर आत काय चाललंय ते कळत नाही.