सहा सोमवार आणि किमांची गादी

लक्ष्मी रोडला सोमवारी सुट्टी. त्यामुळे आमच्यासारख्या दुकानदारांचं नाटक, दवाखाना, लग्नाची बोलणी, सगळं सोमवारीच. यंदा त्यात एक क्लास घुसवला. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, संध्याकाळी साडेसहा ते आठ, सहा सोमवार. विषय उत्तर कोरियाचा राजकीय इतिहास, फी १,२०० रुपये. बायको म्हणाली, "तुमचं काय अडलंय हो कोरियावाचून?" तिला काय सांगणार? जाहिरातीतल्या एका ओळीवर अडकलो होतो : कम्युनिस्ट देशात बापाच्या जागी मुलगा कसा बसतो?

आमचं भांड्यांचं दुकान. आजोबांनी टाकलं, वडिलांनी वाढवलं, मी चालवतोय. गादीच्या मागे दोघांचे फोटो आहेत. सकाळी शटर वर गेलं की आधी फोटो पुसायचे, मग उदबत्ती, मग बोहनी. पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं, तिकडे घरोघर देशाचा संस्थापक किम इल संग आणि त्याचा मुलगा किम जोंग इल यांच्या तसबिरी असतात, त्या पुसायला फडकंही वेगळं ठेवतात आणि तपासणीत धूळ दिसली तर जाब द्यावा लागतो. सगळे हसले. मी गप्प. माझंही फडकं वेगळंच आहे.

सर निवृत्त प्राध्यापक. प्रोजेक्टर नाही, व्हिडिओ नाही. फळा, खडू आणि पुठ्ठ्यावर हाताने काढलेला एक नकाशा. साडेसहा म्हणजे साडेसहा. सहा पस्तीसला आलेल्याला मागच्या पंख्याखालची जागा, आणि तो पंखा असा कुरकुरतो की निम्मं ऐकूच येत नाही. एकदा मला तिथे बसावं लागलं, त्यानंतर मी सव्वासहालाच हजर.

किम इल संगचा जन्म १५ एप्रिल १९१२ चा, मूळ नाव किम सोंग जू. मांचुरियात जपान्यांशी गनिमी लढाई, मग सोव्हिएत सैन्यात अधिकारी, १९४५ च्या सप्टेंबरात वोनसान बंदरात उतरला तेव्हा वय ३३. तीन वर्षांनी देशाची स्थापना, त्यानंतर दोन वर्षांत दक्षिण कोरियाशी युद्ध. हे सगळं सरांनी भरभर उरकलं, बरंच केलं. जिथे थांबले ती जागा मात्र मस्त होती. २७ जुलै १९५३ ला युद्धबंदी झाली, पण परत जायला तयार नसलेल्या हजारो कैद्यांचं करायचं काय? ते सांभाळायला भारताची फौज गेली, आणि तिचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही आपल्या जवानांना त्यांच्या भूमीवर पाऊल ठेवू देईनात, म्हणून बोटीवरून हेलिकॉप्टरनेच त्यांना दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. शेवटी उत्तर-दक्षिण दोन्ही नकोत म्हणणारे ८८ जण भारतात आले. एवढी वर्षं पुण्यात काढली, थोरातांचं नाव कानावर होतं, ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती. या एका तासात माझे १,२०० वसूल.

तिसरा सोमवार मात्र या क्लासचा गाभा. फळ्यावर सरांनी फक्त १९५६ लिहिलं आणि खडू खाली ठेवला. फेब्रुवारीत मॉस्कोत सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने मेलेल्या स्टालिनची लक्तरं काढली. ऑगस्टमध्ये प्याँगयांगमध्ये किमच्याच पक्षातल्या लोकांनी भर बैठकीत त्याच्यावर तोफ डागली. ती फसली. त्यांना पक्षातून काढलं, तेव्हा मॉस्कोहून मिकोयान आणि पेकिंगहून पेंग देहुआय समजूत घालायला आले. किमने मान डोलावली, माणसं परत घेतली, आणि पाहुण्यांची पाठ फिरल्यावर एकेकाला वेचून काढलं. १९६७ मध्ये उरलेल्या गटाचीही वाट लावली. म्हणजे आधी मैदान साफ, वारस नंतर.

पण वारस मुलगाच का? सरांचं म्हणणं असं : किमने दोन गोष्टी पाहिल्या. स्टालिनच्या माघारी त्याच्याच हाताखालच्यांनी त्याला उघडं पाडलं. आणि माओने जाहीर केलेला वारस लिन बियाव १९७१ मध्ये पळून जाताना विमान कोसळून मेला, बंडाच्या आरोपाखाली. मग आपल्या मागे आपला पुतळा कोण पाडणार नाही? ज्याची सगळी पत त्या पुतळ्यावरच उभी आहे तो. हे ऐकताना मला आमचे मुनीम आठवले. आजोबांचे उजवे हात, हिशेबात एक पैसा इकडचा तिकडे नाही. पण गल्ल्याची किल्ली वडिलांकडे गेली आणि मुनीम संध्याकाळचा चहा न घेता घरी गेले. वडिलांना तेव्हा पितळ आणि कासं यातला फरकही धड कळत नव्हता.

याच तासाला सरांनी एक बारीकशी गोष्ट सांगितली, ती मी दुकानात येणाऱ्या निदान दहा जणांना ऐकवली असेल. १९७० च्या त्यांच्या राजकीय शब्दकोशात लिहिलं होतं की वंशपरंपरेने सत्ता देणं ही शोषक समाजातली प्रतिगामी चाल आहे. १९७२ च्या आवृत्तीत ती नोंदच गायब! १९७४ मध्ये पक्षाच्या आत किम जोंग इल वारस ठरला, १९८० च्या अधिवेशनात लोकांसमोर आला आणि ८ जुलै १९९४ ला बाप गेला. वीस वर्षांची उमेदवारी. आमच्याकडे पाच वर्षं उमेदवारी केली तरी पोरं कंटाळतात. बाप मेल्यावरही त्याची खुर्ची रिकामी केली नाही. १९९८ च्या घटनेत त्याला कायमचा अध्यक्ष करून टाकलं. आणि मूळ प्रश्नातला तो कम्युनिझम? तो शब्द २००९ मध्ये घटनेतून काढला.

चौथा सोमवार दुष्काळाचा. सोव्हिएत मदत आटली, त्यात पूर, सरकारी रेशन बंद पडलं, लाखो माणसं उपाशी मेली. ज्या बायकांनी घरातली भांडीकुंडी, कपडे विकून मक्याचं पीठ आणलं, त्यांच्यातूनच जांगमादांग नावाचे बाजार उभे राहिले. म्हणजे पक्षाने नाही, बाजाराने जगवलं. मग ३० नोव्हेंबर २००९ ला सरकारने चलन बदललं : जुने १०० द्या, नवा १ घ्या, आणि बदलून मिळणार ते ठरावीक रकमेपर्यंतच. वर उरलेली बचत कागद. इथे माझ्या पोटात खड्डा पडला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आमच्या दुकानात हजाराच्या नोटा घेऊन लोक तांब्याचे हंडे मागत होते, कुठलाही द्या म्हणून. आम्हाला निदान बँकेची रांग होती. तिथे काही महिन्यांत सरकारला बाजार पुन्हा सुरू करू द्यावे लागले.

आता तक्रार. पाचवा सोमवार अण्वस्त्रांचा, ज्यासाठी निम्मे लोक आले होते, तो वाया गेला. योंगब्योनची अणुभट्टी, १९९४ चा अमेरिकेशी करार, २००३ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडणं, एवढं होतंय तोच पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. प्रश्न नव्हताच, भाषण होतं, त्यात पोखरण होतं, त्यांचे साडू होते. पंचवीस मिनिटं गेली आणि सरांनी भिडेखातर अडवलं नाही. मग ९ ऑक्टोबर २००६ पासून ३ सप्टेंबर २०१७ पर्यंतच्या सहाही चाचण्या दहा मिनिटांत. ट्रम्प आणि किम जोंग उन यांच्या सिंगापूर आणि हनोईच्या भेटी तर नुसत्या उच्चारल्या. नोट्सचाही आधार नाही. झेरॉक्समध्ये पान १४ दोनदा आणि १५ गायब, नेमकं याच भागातलं. आयोजकांना सांगितलं, "बघतो" म्हणाले. अजून बघताहेत.

शेवटच्या तासाला सरांनी भरपाई केली. किम जोंग इलचा मुलगा आणि वारस किम जोंग उन, त्याने २०१३ च्या डिसेंबरात ज्याला मारलं तो जांग सोंग थेक, त्याला मी इतके दिवस काका समजत होतो. आपल्याकडे काका-पुतण्या म्हटलं की लगेच कान टवकारतात ना! सरांनी फळ्यावर वंशावळ काढली : तो आत्याचा नवरा, म्हणजे आतोबा. आतोबा घरात कितीही वजनदार असले तरी रक्ताचे नाहीत, गादीवर हक्क नाही, फक्त गादीजवळ जागा. रक्ताचा होता तो थोरला सावत्र भाऊ किम जोंग नाम. १३ फेब्रुवारी २०१७ ला क्वालालंपूरच्या विमानतळावर दोन बायकांनी त्याच्या तोंडाला विष फासलं. तेवढ्यात चहा आला. कोणी उठेना. चहा तसाही पाणचटच असतो तिथे.

पाचपैकी चार तारे. दुचाकी लावायला जागा नाही, खुर्च्या प्लास्टिकच्या, उशी घेऊन जा. पुढची बॅच क्युबाची आहे, फी १,५००. तिथे थोरल्या भावाकडून धाकट्याकडे गेलेली सत्ता पुढे घराबाहेर कशी गेली, ते सांगणार आहेत म्हणे. माझा मुलगा बंगळुरूला नोकरी करतो, दुकानाचं नाव काढलं की फोन ठेवतो. मी नाव नोंदवून आलोय. ते गृहस्थही नोंदवत होते.