साथीची भीती मोजायची, पण कोणत्या मापनीने?

विद्यार्थ्यांना कोविडची किती भीती वाटली, हा विषय लघुप्रबंधाला घेतलात तर मापनीपाशी, म्हणजे भीती गुणांत मोजणाऱ्या प्रश्नावलीपाशी, गाडी अडते. 2020 मध्येच तीन मापन्या पुढे आल्या. तिन्हींच्या नावात कोविड किंवा कोरोना आहे, म्हणून त्या एकमेकींच्या जागी चालतील असं मात्र नाही.

इराणमध्ये 717 जणांवर तयार झालेली ‘फिअर ऑफ कोविड-19 स्केल’ सगळ्यात आटोपशीर. सात विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, एकूण 7 ते 35. वर्गात तास सुरू होण्याआधी भरून होते. मूळ मापनीत ‘इतक्या गुणांपुढे भीती जास्त’ अशी रेषा नाही. त्यामुळे मनानेच कमी, मध्यम, तीव्र असे गट पाडू नका. सरासरींची तुलना करा.

अमेरिकेतल्या शेरमन ली यांची ‘कोरोनाव्हायरस अँग्झायटी स्केल’ वेगळी. गेल्या दोन आठवड्यांत चक्कर, झोप न लागणं, अंग थिजणं, भूक मरणं, मळमळ किती वेळा झाली, एवढंच ती विचारते. 20 पैकी 9 किंवा अधिक गुण म्हणजे काळजीचं. समुपदेशन केंद्रासाठी हीच घ्या. सरसकट वर्गात दिलीत तर बहुतेक जण शून्यावर खूण करतील आणि विश्लेषणाला हाती काही उरणार नाही.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन टेलर आणि सहकाऱ्यांची ‘कोविड स्ट्रेस स्केल्स’ 36 विधानांची. संसर्ग, पैशाची चिंता, परक्यांबद्दलची भीती, सतत खात्री करत राहणं, दुःस्वप्नं, सगळं त्यात येतं. पीएचडीला उत्तम, एमएला जड.

माझं मत सात विधानांच्या बाजूने आहे, पण तिची एक उणीव मला फार खटकते. ती स्वतःचा जीव जाण्याची भीती विचारते. विशीतल्या मुलांची भीती बऱ्याचदा दुसरीच असते: माझ्यामुळे आजीला लागण झाली तर? परीक्षा होणार की नाही? (महाराष्ट्रातल्या अंतिम वर्षाच्या मुलांना याचं उत्तर 28 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून मिळालं.) असे प्रश्न जरूर घाला, फक्त त्यांचे गुण मापनीच्या बेरजेत मिसळू नका.

मापनीचं मराठी करताना विधानं ‘हात घामेजतात’ अशी साधी लिहा, उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून मूळ विधानांशी ताडणं) करून घ्या, आधी वीसेक मुलांवर वापरून पाहा.

आणि फॉर्म निनावी असेल, तर खूप घाबरलेल्या मुलापर्यंत तुम्हाला नंतर पोचता येणार नाही. त्यामुळे शेवटच्या पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ठळक छापा.