एमजी टीडी, १९५१: १७ महिने जोडणी आणि ९ महिने वापर

गाडी शेडबाहेर काढली की पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा, "कितीत पडली?" तिसरा पोरं विचारतात, "भाऊ, याचे दरवाजे उल्टे काऊन उघडते?" तिन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकतो. लिटरला ९ ते १० किलोमीटर. गाडीचे पैसे सोडून ५ लाख ४० हजार. आणि दरवाज्याच्या बिजागऱ्या मागच्या अंगाला आहेत, त्यामुळे धोतर नेसलेला माणूसही आधी सीटवर टेकतो आणि मग पाय आत घेतो. माझ्या सासऱ्यांनी करून दाखवलंय.

हिंगणघाटच्या पुढे आमचं गाव. धंदा मोटर रिवाइंडिंगचा आणि पंप दुरुस्तीचा. गाडी मिळाली ती एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. ऐंशीच्या दशकात कोणीतरी ओव्हरहॉल करतो म्हणून उघडली आणि ती उघडीच राहिली. एक चेसिस, इंजिन-गिअरबॉक्स, मागचा एक्सल, चाकं, पत्रे, आणि बाकी सगळं सरकीच्या ७ पोत्यांत. सोबत आरसीचं पुस्तक, त्यावर राज्य 'मध्य प्रदेश'. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती, हे माझ्या पोराला शाळेत नाही, त्या पुस्तकावरून कळलं.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: आता शोरूममध्ये दिसते ती एमजी वेगळी, नाव तेवढं तेच. टीडी ही इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली दोन सीटची उघडी गाडी. १९४९ च्या शेवटापासून १९५३ पर्यंत सुमारे ३० हजार निघाल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इंजिन १२५० सीसी, ताकद ५४ हॉर्सपॉवर. कागदावर कमी वाटते. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसल्यावर कमी वाटत नाही.

पहिला सल्ला, आणि मला हा कोणी दिला नव्हता: गंजलेली घ्या, पण जोडलेली घ्या. जाम झालेला बोल्ट निदान आपण कुठले ते सांगतो. पोत्यातला बोल्ट काहीच सांगत नाही. आम्ही पोती अंगणात ताडपत्रीवर ओतली आणि बायको, मी आणि पोरगा, ज्वारी निवडावी तसे तीन रविवार बोल्ट निवडत बसलो. तेव्हा वाटलं, अवघड काम झालं.

मग आट्यांचं प्रकरण सुरू झालं. इंजिनाच्या बोल्टवर १३ चा पाना चढत नव्हता, १४ चा लावला तर गरगर फिरत होता. मला वाटलं, आधीच्या मिस्त्रीनं डोकी झिजवली. साधा ८ एमएमचा बोल्ट आणून घातला, दोन फेरे गेला आणि अडकला. मी जोर लावला. टायमिंग कव्हरचे दोन आटे तिथेच गेले. नंतर उलगडा झाला तो असा. एमजी ज्या मॉरिसच्या गोतावळ्यातली, त्या मॉरिसनं १९२३ मध्ये कोव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे मिलिमीटरचे. पण इंग्लंडच्या गॅरेजात पाने व्हिटवर्थचे, म्हणजे तिथल्या जुन्या इंची मापाचे, म्हणून बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची ठेवली. त्यात ८ एमएमच्या आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ एमएमचा, आणि आपल्या दुकानातला बोल्ट सव्वाचा. चेसिसवर गेलात की आटे पुन्हा बदलतात, तिथे बीएसएफ, म्हणजे इंग्लंडचे बारीक इंची आटे. म्हणजे एका गाडीला दोन कुळांचे नट आणि दोघांचं एकमेकांशी जमत नाही. व्हिटवर्थचे पाने नागपूरला इतवारीत जुन्या हत्यारांच्या ढिगात किलोच्या भावानं मिळाले. बोल्ट गावातल्या लेथवाल्यानं पाडून दिले. टॅप आणि डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, मात्र मी बाहेरून मागवले, आणि सगळ्या खर्चात हाच खर्च सर्वांत सत्कारणी लागला.

नागपूरच्या एका ऐंशीतल्या मिस्त्रींनी इंजिन बघताच ओळखलं. म्हणाले, "हा तर हिंदुस्थान टेनचा धाकटा भाऊ." बरोबर होतं त्यांचं. हिंदुस्थान टेन ही हिंदुस्थान मोटर्सची जुनी गाडी, मॉरिस टेनवरून आलेली, आणि टीडीचं इंजिनही त्याच मॉरिस टेनच्या ११४० सीसी इंजिनावरून मोठं केलेलं. त्यांनी फिटिंग करून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण चहा तीनदा मागितला.

आता लाकूड. टीडीची बॉडी लाकडी आहे म्हटलं की लोक हसतात. चेसिस लोखंडी, पण त्यावरचा सांगाडा ॲश नावाच्या विलायती लाकडाचा आणि पत्रा त्याला चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेला. माझ्या गाडीची डावी बाजू उधईनं पार खाल्ली होती. खालची पट्टी बोटानं दाबली की भुगा. तयार सांगाडा इंग्लंडहून मागवायचा तर भाडं आणि कस्टम मिळून इतकं होत होतं की तेवढ्यात गावात दोन खोल्या निघाल्या असत्या.

म्हणून आमच्या वाढईबाबांकडे गेलो. बंडी, दमणी अशा बैलगाड्या, दरवाजे, चौकटी, सगळं करतात. त्यांनी जुना सांगाडा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, हे त दमनीचंच काम होय. फक्त बैल समोर नाई, पोटात हाय."

ॲश आपल्याकडे मिळत नाही. सागवानाबद्दल शंका होती की जड होईल. तसं काही नाही, वजन जवळपास तेच, आणि उधई त्याला सहसा तोंड लावत नाही. एका पाडलेल्या वाड्याच्या तुळया मिळाल्या. साठ-सत्तर वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड, त्यामुळे नंतर पिळण्याची भीती नाही. उजवी बाजू धड होती, तिच्यावरून त्यांनी उलट्या हातानं डावी उतरवली. कागद नाही, ड्रॉइंग नाही. खडूच्या खुणा आणि एक दोरी.

फरक एकाच ठिकाणी नडला. ॲशमध्ये चूक थेट ठोकली तरी चालते, सागवान फाटतं. दोन पट्ट्या फाटल्यावर बाबांनी प्रत्येक चुकेला आधी बारीक भोक पाडायला सुरुवात केली. मध्येच पोळा आला. पोळ्याआधी बंड्यांची कामं आणि तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल, त्यामुळे माझी गाडी महिनाभर त्यांच्या ओसरीत तशीच. नातवानं तिच्यावर एक बैल बांधून ठेवला होता.

चूक माझी झाली ती दरवाज्यात. दरवाजा मागच्या खांबाला लटकतो. खांब बुडाशी तीन एमएम सरकला की पुढच्या टोकाला बोटभर फट पडते. मी घाई करून आधी पत्रा ठोकायला लावला आणि मग दरवाजे टांगले. डावा दरवाजा लागेचना. सगळ्या चुका उपटल्या, खांबाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, दरवाजा बसवला आणि परत पत्रा. कोणी हे काम करणार असेल तर क्रम असा ठेवा: सांगाडा चेसिसवर कसा, दरवाजे टांगा, बंद होतात ते बघा, आणि पत्रा सगळ्यांत शेवटी. बाबांनी हे आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

वायरिंगबद्दल फार लिहीत नाही, माझा रोजचाच धंदा आहे. फक्त एक: या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. दुकानातल्या पोरानं सवयीनं मायनस जोडला. स्टार्टर तसाच सरळ फिरला, गाडी चालू झाली, म्हणून कळलंच नाही. ॲमीटरचा काटा उलटा पळतोय हे दिसेपर्यंत कट-आउटचे, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेचे, पॉइंट चिकटले होते. आता बॅटरीच्या पेटीवर लाल रंगानं लिहून ठेवलंय.

टॅपेटचाही एक किस्सा. माझ्या इंजिनाला व्हॉल्व्हचा गॅप १९ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागतो, गरम असताना. इतका गॅप म्हणजे टकटक येणारच. आमच्या ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीला तो आवाज सहन झाला नाही. मी जेवायला गेलो आणि त्यानं प्रेमानं १० करून ठेवला. आवाज बंद, आणि गाडीही आयडलला बंद. दोन दिवस कार्बोरेटर उघडत बसलो.

आता चालवण्याबद्दल. ९ महिन्यांत ८६० किलोमीटर झाले. स्टीअरिंग हा या गाडीचा खरा दागिना. रॅक अँड पिनियन आहे, पुढची चाकं आपापली वर-खाली होतात, त्यामुळे डांबर संपून गिट्टी लागली तरी हातात काय चाललंय ते कळतं. ताशी ६० ते ७० हा तिचा सुखाचा वेग. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दाते अलगद जुळवणारी सोय, नाही, पूर्ण थांबल्याशिवाय टाकू नका; चौकात दळणाचा आवाज येतो आणि सगळे वळून बघतात. ब्रेक पुढे जाताना चांगले. पुढच्या ड्रमचे दोन्ही ब्रेक शू चाक पुढे फिरतानाच घट्ट धरतात, त्यामुळे उलट उतारावर तेच ब्रेक निम्मे वाटतात. पुलियाच्या चढावर मी एकदा मागे घसरलो, हँडब्रेकनं वाचवलं.

आणि मे महिना. वर्धेला जाताना अकरा वाजता गाडी मध्येच अडखळली आणि बंद. पेट्रोलचा पंप विजेचा आहे, फ्लोट भरले की गप्प बसतो. त्या दिवशी टिकटिक थांबेचना, म्हणजे पंपात पेट्रोलऐवजी वाफ येत होती. टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाच्या खोलीत. इंग्लंडात चालून जात असेल, ४५ अंशांत नाही. कडुनिंबाखाली थांबलो, पंपावर ओला गमछा गुंडाळला, वीस मिनिटांनी निघालो. आता पाइपावर उष्णतारोधक आवरण घातलंय, पण खरा उपाय एकच: एप्रिल ते जून सकाळी नऊच्या आत घरी.

दुसरं दुखणं आजच्या पेट्रोलचं. २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना चालत नाही, आणि या कार्बोरेटरच्या जेटखाली बुचाचे वॉशर आहेत, ते आकसून गळायला लागले. नळ्या सगळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या, वॉशर बदलले. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करतो. हा त्रास म्हाताऱ्या गाडीचा नाही, नव्या पेट्रोलचा आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरची मूळ स्वरूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, जुना नंबर राहतो, पण रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठी रस्त्यावर आणता येते. या गाडीला दुरुस्ती कायमच लागते, त्यामुळे अडचण येत नाही.

कोणी घ्यावी? ज्याच्याकडे पक्कं शेड आहे, तालुक्यात एक चांगला लेथवाला आणि एक वाढई आहे, आणि घरच्यांनी आधी होकार दिलाय, त्यानं. टायर, बॅटरी, बेअरिंग, ब्रेकचं रबर यासाठी मला कधी अडलं नाही. डेडलाइन ठेवणाऱ्यानं घेऊ नये.

एक राहिलंच. तेल टपकतं. क्रँकच्या मागच्या टोकाला सीलच नाही. तेल परत फिरवायला नुसती आट्यासारखी खाच आहे, आणि ती गाडी चालू असतानाच काम करते. उभी केली की थेंब सुरू. दोनदा गॅस्केट बदलून मी नाद सोडला. आता खाली घमेलं ठेवतो. महिन्याला जे जमतं ते वाढईबाबा डब्यात भरून नेतात, बंडीच्या आसाला घालायला.