एल२९८एन मोटर ड्रायव्हर : दणकट, पण खादाड

भाचीच्या लाइन फॉलोअर (जमिनीवरच्या रेषेमागे धावणाऱ्या) गाडीच्या मोटर चालवायला हा बोर्ड ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातून घेतला. दुकानातल्या काकांनी काउंटरवरच मोटर फिरवून दाखवली, हे झकास. स्क्रूची टर्मिनल्स असल्याने सोल्डरिंगची कटकट नाही. पण चिप जुन्या बायपोलर (जास्त व्होल्टेज खाणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) पद्धतीची! दोन लिथियम सेलच्या ७.४ व्होल्टपैकी जवळपास दोन व्होल्ट तीच गिळते. मग पिवळ्या गिअर मोटरची गाडी वळणावर रेंगाळते, आणि भाची माझ्याकडे बघते. छोट्या गाडीला मॉसफेटवाला (कमी व्होल्टेज खाणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) टीबी६६१२ ड्रायव्हर बरा, फक्त पिना सोल्डर कराव्या लागतात. १२ व्होल्टच्या जरा दांडग्या मोटरला मात्र एल२९८एनच घ्या. १२ च्या वर व्होल्टेज देणार असाल तर पाच व्होल्टचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) आधी काढा, नाहीतर बोर्डावरचा पाच व्होल्ट बनवणारा रेग्युलेटर गेलाच म्हणून समजा.