ट्रॅव्हलरमधला ओटा : गॅस की इंडक्शन?

जुनी ट्रॅव्हलर (फोर्सची मिनीबस) घेऊन तिचं फिरतं घर करायला निघालेल्यांचा पहिला वाद पलंगावरून होतो, दुसरा ओट्यावरून. पलंगाचं तुमचं तुम्ही बघा. ओट्याबद्दल थोडं सांगता येईल, कारण पिथमपुरात बनलेल्या आमच्या गाडीने दोन्ही पाहिलंय. आधी गॅस होता, आता इंडक्शन आहे.

गॅसची ताकद नाकारता येत नाही. एक किलो एलपीजीत साधारण पावणेतेरा युनिट ऊर्जा असते. निम्मी वाया गेली असं धरलं तरी पाच किलोच्या छोट्या सिलिंडरमधून भांड्याला तीसेक युनिट मिळतात. तेवढी वीज साठवायला १२ व्होल्टच्या, २०० अँपिअर-अवरच्या बाराएक लिथियम बॅटऱ्या लागतील. शिवाय फुलका फुलतो, वांगं भाजता येतं.

परदेशी व्हिडिओंमधला प्रोपेन आणि आपला गॅस मात्र तंतोतंत एक नाही. आपल्याकडे प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण मिळतं. प्रोपेनची वाफ उणे ४२ अंशांपर्यंत होत राहते, ब्युटेन शून्याच्या आसपासच हात टेकतो. माळव्याच्या थंडीत फरक जाणवत नाही, हिवाळ्यात हिमाचलात स्पितीला गेलात तर जाणवेल.

धोका दोन्ही गॅसचा सारखाच. हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस खाली बसतो. गाडीची फरशी म्हणजे परातच, त्याला बाहेर जायला वाट नाही. हवेत दोनेक टक्के गॅस झाला की ठिणगी पुरते, आणि ठिणगी द्यायला फ्रिज आहे, पाण्याच्या पंपाचा स्विच आहे. म्हणून सिलिंडरला वेगळी पेटी हवीच. ती आतून पूर्ण बंद असावी, दार बाहेरून, आणि तळाला थेट रस्त्याकडे उघडणारं भोक. सिलिंडर उभं आणि पट्ट्याने आवळलेलं. आडवं झालं तर वाफेऐवजी पातळ गॅसच रेग्युलेटरमध्ये शिरतो. गाडी हलायच्या आधी रेग्युलेटर बंद. सांधे साबणाच्या फेसाने तपासायचे. नारंगी सुरक्षा नळी घरात पाच वर्षं वापरतात, गाडीच्या हादऱ्यांत मी तेवढी वाट बघणार नाही. गॅसचा अलार्म पायांपाशी, कार्बन मोनॉक्साइडचा उशीच्या उंचीला.

हे सगळं आम्ही केलं होतं, आणि तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं. घोडं अडलं ते खिडकीपाशी.

आत शेगडी पेटली की खिडकी उघडी आणि छताचा पंखा चालू, यात तडजोड नाही. गॅस अर्धवट जळला की होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आता श्रावणात माळव्याच्या डोंगरकड्यावर, मांडूला किंवा जाम गेटला गाडी लावून बघा. खिडकी उघडली की ज्योत आडवी होते आणि बारका बर्नर विझतो. आमच्या शेगडीला ज्योत विझल्यावर गॅस तोडणारा व्हॉल्व्ह होता, त्यामुळे जीव धोक्यात नव्हता. पण चहा अर्ध्यावर. पुन्हा पेटवायचं तर नॉब दाबून धरायचा आणि थर्मोकपल (ज्योतीची उष्णता ओळखणारी तार) तापेपर्यंत ओणवं उभं राहायचं. सोडला, विझला. पुन्हा दाबा. तोवर मागून, "अहो, खिडकी लावा ना, गादी भिजतेय!" आणि मी म्हणणार, लावायची नाही. महेश्वरला पाऊस नव्हता, तर नदीकाठचे डास होते.

इंडक्शनला खिडकी लागत नाही. वाफ कोंडते, पंखा लावावासा वाटतो, पण पावसात सगळं बंद करून पोहे होतात, वरून जिरावण मसाला भुरभुरायचा की झालं.

त्याचेही नखरे आहेत. २००० वॅटवर चालवलं तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १८०-९० अँपिअर ओढतं, म्हणजे जाडजूड केबल आणि बॅटरीला लागूनच फ्यूज. आम्ही १२००च्या वर जात नाही. स्वस्तातलं इंडक्शन मंद आचेवर चालू-बंद, चालू-बंद करत बसतं आणि दूध त्याच तालावर उसळतं. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, तो घरी ठेवावा लागला. पावसाळ्यात सोलरचा भरवसा नाही, गाडी चालेल तेव्हाच काय ते चार्जिंग. दोघांचा चहा-नाश्ता आणि रात्रीची खिचडी २०० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीवर आमची तरी निभते. चौघांच्या रोजच्या पोळ्या निभतील असं मी म्हणणार नाही.

त्यामुळे मोठं कुटुंब असेल किंवा एकाच जागी आठवडाभर मुक्काम असेल, तर गॅस घ्या, त्यात काही गैर नाही. वांग्यासाठी आम्हीही छोटं सिलिंडर त्याच पेटीतून नेतो, पण शेगडी बाहेर, मोकळ्यावर मांडतो. वर्कशॉपवाला "पेटी कशाला, ओट्याखाली बसवून देतो" म्हणाला, तर मात्र इंदूरच्या बाजारात जाऊन सरळ इंडक्शनवर चालणारी स्टीलची भांडी घ्या आणि इंडक्शन बसवा.