दंडावरचा साखर सेन्सर: मी आणि बायकोने १४ दिवस लावून पाहिला

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. साखरेच्या गोळ्या २२ वर्षं विकतोय, त्यातली सहा वर्षं स्वतःही खातोय. दंडावर लावायचा सेन्सर मात्र गेल्या महिन्यात पहिल्यांदा स्वतःला लावला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुकानात एकाहून जास्त कंपन्यांचा माल असतो. दोन सेन्सर घेतले, एकेक साडेचार हजारांच्या आसपास पडला. एक मला, एक बायकोला. तिला मधुमेह नाही. "माझ्या दंडाला कशाला भोक?" म्हणाली, पण खरी गंमत तिच्याच सेन्सरने दाखवली.

संकष्टीला सकाळी दोघांनी एकाच कढईतली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वाटी-वाटीच. तिची साखर ८८ वरून १३२ वर गेली आणि दीड तासात जागेवर आली. माझी १०९ वरून निघाली ती थेट २४१. दुपारचा एक वाजला तरी १५० च्या खाली उतरायचं नाव नाही.

हा फरक का पडतो, ते बी.फार्मला परीक्षेपुरतं घोकलं होतं. स्वादुपिंडातली लँगरहान्सची बेटं, म्हणजे पेशींचे छोटे पुंजके, १८६९ साली पॉल लँगरहान्सला दिसलेली, सगळी मिळून त्या अवयवाच्या जेमतेम एक-दोन टक्के. तिथल्या बीटा पेशीत, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीत, ग्लुकोज शिरतं, जळतं, एटीपी (पेशीचं इंधन) वाढतं. एटीपी वाढलं की पोटॅशियमची दारं बंद होतात, पेशीच्या पडद्यावरचा विद्युतभार बदलतो, मग कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत आलं की इन्सुलिनच्या पुड्या बाहेर. यातल्या थोड्या पुड्या काउंटरवर बांधून तयार असतात, बाकीच्या गोडाऊनमध्ये. साखर चढताच काउंटरवरचा माल पहिल्या काही मिनिटांत उठतो, मागचा सावकाश येत राहतो. टाइप २ मधुमेहात हा सुरुवातीचा झटकाच लवकर मंदावतो. बायकोचं गिऱ्हाईक दारात आलं की पुडी हातात, माझ्याकडे "बसा, मागून आणतो."

पण एक लक्षात घ्या, सेन्सरला इन्सुलिन दिसत नाही. त्याला दिसते ती कातडीखालच्या द्रवातली साखर, तीही रक्ताच्या काही मिनिटं मागे. इन्सुलिन किती बनतंय याचा अंदाज हवा असेल तर सी-पेप्टाइडची (इन्सुलिनसोबतच पेशीतून बाहेर पडणाऱ्या तुकड्याची) रक्त तपासणी वेगळी असते. दुकानात रोज कोणीतरी हे विचारतंच.

दुसऱ्या शनिवारी गर्दीत जेवायला साडेतीन वाजले. अलार्म वाजला: ६४. तळवे घामेजले होते, बोट टोचून पाहिलं तर ६७. मी ग्लिमेपिराइड घेतो. ही गोळी तीच पोटॅशियमची दारं बंद करते, पण साखर वाढलीय की नाही हे न विचारता. "गोळी घेतली की जेवण चुकवू नका" हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेल, त्या दिवशी कपाटामागे उभं राहून चार चमचे साखर खाताना पहिल्यांदा ऐकलं.

तक्रारी आहेत. पहिल्या दिवशीचे आकडे बोट टोचून तपासायच्या स्ट्रिपशी जुळेनात. त्या कुशीवर झोपलो तर सेन्सर दाबला जाऊन रात्री दोनला ५८ दाखवून बोंब मारतो, स्ट्रिपवर १०४. उकाड्याने अकराव्या दिवशी चिकटपट्टीची कड सुटली, फोटो पाठवल्यावर बदली मिळाला, पण नऊ दिवसांनी. उरलेले दिवस मी मेडिकल टेप मारून भागवलं.

दर महिन्याला लावायची चैन मला तरी परवडणार नाही. वर्षातून एकदा, नेहमीच्या कामाच्या पंधरवड्यात लावा, ज्यात एखादा उपास आणि एखादं लग्नाचं जेवण येत असेल. पथ्याचे १४ दिवस काढून गुळगुळीत आलेख मिरवण्यात पैसे घालवू नका. आणि तो आलेख आधी डॉक्टरांना दाखवा, गोळी बदलून मागायला थेट माझ्या काउंटरवर येऊ नका.